पोलिसाचे तास कोणत्या कायद्यात लिहिले आहेत?

प्रश्न : ताई, माझे यजमान पोलीस शिपाई आहेत. नोकरीला सतरा वर्षं झाली. गणपती बसल्यापासून दिवाळीपर्यंत ते घरी किती वेळा जेवले, ते मी बोटांवर मोजून सांगेन. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, पण दोन महिन्यांत तीनदाच मिळाली. माझा भाऊ एमआयडीसीत आहे. त्याचे आठ तास भरले की भोंगा होतो, आणि वर थांबला तर दुप्पट पैसे मिळतात. न राहवून मी ठाण्यात ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मास्तरांना फोन केला. ते चांगलं बोलले, पण म्हणाले, “वहिनी, पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो, कायदाच आहे तसा.” असा कायदा खरंच आहे का? कधीचा आहे? पोलिसांना युनियन का नाही? आणि मी हे लिहिलं म्हणून यांना त्रास तर होणार नाही ना?
– एक पोलीसपत्नी, जळगाव जिल्हा

उत्तर : वहिनी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्र पाठवताना तुमचा हात थरथरला असणार. त्रास होण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही. वर्तमानपत्राला काही कळवायचं तर परवानगी लागते, हे बंधन पोलीस दलाच्या सदस्यावर आहे. तुम्ही दलाच्या सदस्य नाही. तुम्ही नागरिक आहात आणि घरातला माणूस घरी यावा एवढंच मागताय. मात्र एक सांभाळा. “ड्युटीला जाऊ नका, बंदोबस्तावर बहिष्कार टाका” असं दलातल्या कुणाला सांगू नका. त्याबद्दल १९२२ चा एक कायदा आहे आणि तो कुणालाही लागू होतो. त्याकडे पुढे येते.

आता हजेरी मास्तरांचं वाक्य. मी ते लहानपणापासून ऐकत आलेय. माझे वडील मुंबईत हवालदार होते आणि आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. आमच्या खोलीत दाराच्या मागे खिळ्याला त्यांचा पट्टा टांगलेला असायचा. पट्टा खिळ्यावर दिसला की वडील घरी. शाळेतून आल्यावर आम्ही भावंडं आधी दाराच्या मागे बघायचो. हे वाक्य मूळ कायद्यात कसं आहे, ते वकील झाल्यावर मी पहिल्यांदा काढून वाचलं, आणि आपण किती वर्षं अर्धंच ऐकत होतो ते कळलं.

या वाक्याचं मूळ १८६१ च्या पोलीस कायद्यात आहे. १८५७ चा उठाव होऊन गेला होता. इंग्रज सरकारला लष्करापेक्षा स्वस्त पण लष्करासारखंच हुकमात राहणारं दल हवं होतं. १८६० साली आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. नमुना होता आयरिश कॉन्स्टेब्युलरीचा, म्हणजे इंग्रजांच्या आयर्लंडमधल्या पोलीस दलाचा. सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियर या इंग्रज सेनापतीनं तोच नमुना १८४३ मध्ये सिंधमध्ये वापरून पाहिला होता. हा कायदा शिपायाला नोकर म्हणून किती बांधून ठेवतो बघा. कलम ९ : दोन महिन्यांची लेखी नोटीस दिल्याशिवाय किंवा वरिष्ठांच्या परवानगीशिवाय राजीनामा नाही. कलम १० : दुसरा कामधंदा नाही. कलम २२ : पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. कलम २९ : कर्तव्यात कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत पगाराचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. रजा संपल्यावर हजर झाला नाही तर तोही याच कलमात अडकायचा. किती तास काम, किती दिवस विश्रांती, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आपल्याकडचा धागा थोडा वेगळा आहे. मुंबई इलाख्यानं स्वतःचे कायदे केले, जिल्ह्यांसाठी १८६७ आणि १८९० चे, मुंबई शहरासाठी १९०२ चा. विदर्भात १८६१ चा कायदा चालायचा, मराठवाड्यात निजामाचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं जिल्हा पोलीस आणि बृहन्मुंबईचे पोलीस एका दलात आणले. तोच १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. १९५९ मध्ये तो विदर्भ-मराठवाड्यालाही लागू झाला आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. तुमच्या यजमानांची नोकरी याच कायद्यावर उभी आहे.

त्यातलं कलम २८ तुम्हाला सावकाश वाचून दाखवते. त्याचा आशय असा : जो पोलीस अधिकारी रजेवर नाही किंवा निलंबित नाही, तो या अधिनियमाच्या सर्व प्रयोजनांसाठी नेहमी कर्तव्यावर आहे असं मानण्यात येईल, आणि राज्याच्या एका भागात नेमलेल्याला गरज असेल तोवर दुसऱ्या भागात कामावर पाठवता येईल. यातले तीन शब्द बोटाखाली धरा. पहिला “रजेवर नाही”. १८६१ च्या कलमात ही सवलत नव्हती, आपल्या कायद्यात आहे. रजा मंजूर झालेला माणूस कायद्यानं कर्तव्यावर नसतो. दुसरा “मानण्यात येईल”. आणि तिसरा “अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी”. म्हणजे बाजारात भाजी घेताना समोर चोरी झाली, तर “मी आत्ता ड्युटीवर नाही” असं पोलिसाला म्हणता येणार नाही. त्याचे अधिकार आणि त्याची जबाबदारी पाळी संपली म्हणून गळून पडत नाही. कलमाचं काम एवढंच. माणसाला सलग अठरा तास नाक्यावर उभं करा, असं ते कुठेही म्हणत नाही. तासांबद्दल ते बोलतच नाही. “चोवीस तास ड्युटी, कायदाच आहे” हा त्या न बोललेल्या जागेत आपल्या व्यवस्थेनं भरलेला अर्थ आहे, आणि तो चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग भावाला मिळतं ते यजमानांना का मिळत नाही? भावाच्या मागे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेला कामगार कायदा आहे. आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर, हे त्यातून येतं. पोलीस ठाणं म्हणजे कारखाना नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं तर “कामगार” शब्दाच्या व्याख्येतूनच पोलीस सेवेतल्या माणसाला नाव घेऊन बाहेर ठेवलं, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती वगळणूक कायम आहे. म्हणजे कामगार कायदे म्हणतात हा आमचा नाही, आणि पोलीस कायदा तासांबद्दल गप्प. शिपाई या दोहोंच्या मधल्या फटीत उभा आहे.

आता युनियन. १९१८ आणि १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये पोलिसांचे संप झाले. तिकडे सरकारनं संपावर बंदी घातली, पण १९१९ च्या कायद्यानं पोलिसांना गाऱ्हाणी मांडायला अधिकृत संघटना दिली. हिंदुस्थानात १९२२ साली पोलिसांमध्ये असंतोष पसरवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र त्याचं कलम ४ फारसं कुणी वाचत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या पोलीस संघटनेनं मंजूर नियमांत राहून, सदस्यांच्या हितासाठी केलेली कृती हा गुन्हा नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे १९२२ च्या इंग्रज सरकारलाही पोलिसांची संघटना ही अशक्य गोष्ट वाटत नव्हती.

राज्यघटनेनं संघटना करण्याचा हक्क सगळ्या नागरिकांना दिला, पण अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलं आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दलं यांच्याबाबत तो हक्क कमी करण्याची मुभा संसदेला ठेवली. ती मुभा वापरून १९६६ चा पोलीस दलांचे हक्क निर्बंधित करणारा कायदा झाला. परवानगीशिवाय कोणत्याही कामगार संघटनेचं सदस्य व्हायचं नाही, वर्तमानपत्रांशी बोलायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पोलिसांनी आंदोलन केलं. तेव्हा देशाचे गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. दिल्लीच्या पोलीस संघटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं १९६६ चा कायदा वैध ठरवला.

पण हाही कायदा “परवानगीशिवाय” असं म्हणतो, वहिनी, “कधीच नाही” असं म्हणत नाही. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे आणि ती उघडपणे काम करते. महाराष्ट्रातही होती. ती कशी गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९८२ साली मी अकरा वर्षांची होते. जानेवारीपासून गिरणी संप चालू होता आणि वडील बहुतेक रात्री गिरणगावात बंदोबस्ताला. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी आईनं माळ्यावरची मोडकी छत्री खाली काढली, तिचं कापड उसवलं आणि चार बोटं रुंदीची पट्टी कापून दोन्ही कडा दुमडून शिवली. शाईसारखं काळं कापड, एका कोपऱ्यात गंजाचा डाग. तो डाग आत जाईल अशी तिनं शिवण घातली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारनं संघटनेची मान्यता काढली आणि पुढाऱ्यांना अटक केली. शिपाई रस्त्यावर आले, शहरात जाळपोळ आणि लुटालूट झाली, लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले होते. लाइनीतल्या बायका दारं लावून आत बसल्या होत्या. कुणाचे यजमान कुठे आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. वडील तिसऱ्या दिवशी आले. पट्टा खिळ्याला लावला आणि न बोलता झोपले. आईनं ती फीत चुलीत घातली.

त्यानंतर कित्येकांना बडतर्फ केलं, चौकशीशिवाय. हे कसं करता येतं? सरकारी नोकराला आरोप सांगून, बाजू मांडू देऊनच काढावं, असं अनुच्छेद ३११ सांगतो. पण त्याच अनुच्छेदात अपवाद आहे : चौकशी करणं व्यवहार्य नाही असं सक्षम अधिकाऱ्यानं कारणं नोंदवून ठरवलं, तर ती गाळता येते. १९८५ मध्ये तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा अपवाद उचलून धरला. त्या निकालात बोकारोच्या औद्योगिक सुरक्षा दलातल्या जवानांची प्रकरणंही होती. लाइनीतून काही बिऱ्हाडं ट्रंका घेऊन गेली ती परत दिसली नाहीत. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही, वडिलांनीही कधी केलं नाही. पण संघटना गेली तेव्हा शिपायाचं म्हणणं वर नेणारा एकमेव रस्ता बंद झाला, आणि त्या जागी काही आलं नाही. आजही आलेलं नाही. हे मला खरोखर अन्यायाचं वाटतं.

तासांबद्दल कुणी बोललंच नाही असं मात्र नाही. कायदेपंडित सोली सोराबजी यांच्या समितीनं २००६ मध्ये नमुना पोलीस कायदा तयार केला. त्यात पोलिसाची ड्युटी सरासरी आठ तासांपेक्षा सहसा जास्त नसावी, आठवड्याला एक सुट्टी असावी, नसेल देता येत तर मोबदला द्यावा, असं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना पोलीस सुधारणेचे निर्देश दिले. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला तेव्हा बदल्यांचं कलम आलं, बदल्या-बढत्या ठरवणारी आस्थापना मंडळं आली, तक्रार प्राधिकरण आलं. तासांचं कलम आलं नाही.

जे आलं ते आदेशानं आलं. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा तिथल्याच एका शिपायानं मांडला होता आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे तो मुंबईभर नेला. २०२२ च्या जानेवारीत महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तास सांगितले. त्याच वर्षी पोलिसांच्या किरकोळ रजा १२ वरून २० झाल्या. चांगल्या गोष्टी आहेत, पण आदेशाचं आयुष्य आदेश देणाऱ्या खुर्चीएवढं असतं. साहेब बदलले की जुनं वेळापत्रक परत लागतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

तुम्ही काय करू शकता? यजमानांना सांगा, सुट्टी रद्द झाली की ती तोंडी गिळू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर होतो, याची स्टेशन डायरीतली नोंद क्रमांकासह एका वहीत उतरवून ठेवायची. त्या दिवसाच्या मोबदल्यासाठी आणि बदली सुट्टीसाठी लेखी अर्ज करायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायचा. घटक प्रमुख, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, गाऱ्हाणी ऐकायला दरबार घेतात, तिथे तोच अर्ज हातात घेऊन उभं राहायचं. शिपायानं स्वतःपुरतं, शिस्तीत, योग्य मार्गानं गाऱ्हाणं मांडणं हा कोणत्याच कायद्यानं गुन्हा नाही.

हे मी वडिलांच्या कागदांवरून शिकले. आजी अत्यवस्थ होती तेव्हा त्यांच्या रजेच्या अर्जावर “बंदोबस्तामुळे नामंजूर” असा शेरा आला. नंतर मिळालेल्या चार दिवसांच्या रजेवरून ते दोन दिवस उशिरा परतले, आणि सेवापुस्तकात नोंद झाली “विनापरवाना गैरहजर, सक्त ताकीद”. आजीचे दिवसकार्य त्या दोन दिवसांत होते. त्यांनी खुलासा तोंडी दिला, लेखी दिलाच नाही. सेवापुस्तकाची नक्कल माझ्याकडे आहे. ताकीद शाईनं लिहिलेली आहे, आणि आजी त्या पानावर कुठेच नाही.

प्रश्न : मी जिल्हा पोलीस दलात शिपाई आहे. सध्याच्या ठाण्यात येऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच डिसेंबरमध्ये बदली झाली. आदेशात फक्त “प्रशासकीय कारणास्तव” लिहिलंय. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येईल का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : येईल. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-एन प्रमाणे शिपाई ते सहायक फौजदार यांचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा आहे. फौजदारापासून निरीक्षकापर्यंत तो एका ठाण्यात दोन वर्षांचा. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. तुमची डिसेंबरची बदली म्हणजे मुदतपूर्व बदली. ती करता येत नाही असं नाही. विभागीय चौकशी, भ्रष्टाचाराचा आरोप, कर्तव्यातली कसूर, अशी कारणं कलमात दिली आहेत, आणि अपवादात्मक प्रसंगी जनहितासाठी व प्रशासकीय निकडीसाठीही बदली करता येते. पण तो अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याचा आहे, आणि जिल्ह्यात तुमच्या बाबतीत ते म्हणजे जिल्हा स्तरावरचं पोलीस आस्थापना मंडळ. एकट्या साहेबांची सही पुरत नाही. मंडळाची बैठक व्हायला हवी आणि तुमच्या नावापुढे कारण हवं.

म्हणून पहिलं काम : त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. सोबत लेखी निवेदन द्या. बैठकच झालेली नसेल, किंवा इतिवृत्तात नुसती नावांची यादी असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं बसतात, आणि पोलिसांच्या सेवेची प्रकरणं तिथेच चालतात. अर्जाला कायद्यानं एक वर्षाची मुदत असली तरी बदलीच्या प्रकरणात वर्षभर थांबू नका. नव्या जागी हजर होऊन सहा महिने काढल्यावर स्थगिती मागायला गेलात, तर “इतके दिवस का थांबलात?” हाच पहिला प्रश्न विचारला जाईल. आणि निकाल येईपर्यंत ड्युटी सोडून घरी बसू नका. कार्यमुक्तीचा कागद हातात पडला असेल तर हजर व्हा, हजर होताना “माझे हक्क राखून” असं लिहून द्या.

प्रश्न : मी भरतीची तयारी करतोय. नाईक हे पद राहिलं नाही असं ऐकलं. खरं का? शिपाई म्हणून लागलो तर फौजदार होता येईल?
– एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : खरं आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं पोलीस नाईक हा संवर्ग बंद केला आणि ती पदं शिपाई, हवालदार आणि सहायक फौजदार यांत वाटली. शिपायाला निवृत्तीआधी फौजदार होता यावं हाच हेतू होता. एक पायरी कमी झाली, म्हणजे वरची लवकर येते.

हा जिना अरुंद कसा झाला तेही जाणून घे. इंग्रज सरकारनं पोलिसांबाबत नेमलेल्या १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानं असं ठरवलं की शिपायानं सांगकामं करावीत, आणि तपासाचं डोकं लागणारे फौजदार थेट बाहेरून भरावेत. शिपायाला किमान आठ रुपये पगार द्यावा, ही शिफारसही त्याच आयोगाची. फौजदाराची थेट भरती तेव्हापासून आहे. माझे वडील पस्तीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. त्यांनी लिहिलेले पंचनामे नवे फौजदार समोर ठेवून शिकायचे.

तुला वाट बघत बसायची गरज नाही. खात्यात लागल्यावर ठरावीक वर्षांची सेवा आणि पदवी हाताशी असेल, तर लोकसेवा आयोगाची मर्यादित विभागीय परीक्षा देऊन फौजदार होता येतं. म्हणून पदवी अर्धवट टाकून भरतीला पळू नकोस. धावण्याचा सराव पहाटे कर, आणि शेवटच्या वर्षाचा परीक्षा अर्ज आधी भर.